दसऱ्याचं पहिलं नाव

आमच्या नाशिकच्या घरात अशी एक फळी सापडायची नाही, जिच्यावर अश्लेषाच्या नावाचं भांडं नाही. वाट्या म्हणू नका, पेले म्हणू नका, परात, ताकाची चरवी, पोह्यांचा डबा, सगळ्यांवर लेकीचं नाव. ही सगळी करणी आमच्या ह्यांची. हे म्हणजे माझे यजमान, पुरुषोत्तम. भांडी बाजारात आमचं दुकान होतं, आणि भांड्यांवर नावं घालायचं काम ह्यांनी कधी नोकराच्या हाती दिलं नाही. दारात स्टूल टाकायचं, मांडीवर भांडं घ्यायचं आणि ते टर्रर्र करणारं मशीन धरून टिंबाला टिंब जोडत अक्षर उमटवायचं. गिऱ्हाईक म्हणालं की नाव नको, नुसतंच द्या, तर हे त्याला ऐकवायचे, "नाव नसलेलं भांडं परत येत नाही." लग्नाकार्यात शेजाऱ्यांना दिलेली आमची भांडी मात्र नावासकट कित्येकदा परत आली नाहीत, पण ते मी बोलले की ह्यांना राग यायचा.

खंडेनवमीला त्या मशीनची पूजा व्हायची. दसऱ्याला सकाळी, गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी, पहिलं नाव पडायचं ते घरच्या एका नव्या भांड्यावर. अश्लेषा जन्मली त्या वर्षापासून ते नाव तिचंच. ती शिकायला परदेशी गेली, तिकडेच लग्न झालं, तरी दसऱ्याचं भांडं चुकलं नाही. कुरियरने पाठवायला भांड्याच्या किमतीपेक्षा जास्त लागायचं, म्हणून ती भांडी आमच्याकडेच साठत गेली.

तिच्या नावावरूनही कमी ऐकलं नाही मी. आश्लेषा नक्षत्रावरची मुलगी सासूला वाईट असते म्हणून माझ्या नणंदांनी डोकं पिकवलं होतं. मी मुद्दाम तेच नाव ठेवलं. आता काय सांगायचं, तिची सासू नागपुरात ठणठणीत आहे, रोज पहाटे फिरायला जाते, देव तिला शंभर वर्षं देवो. जायचं ते माझं पोर गेलं.

भांडीवाल्याची लेक शेवटी भांड्यांतच गेली. डब्लिनच्या एका म्युझियममध्ये तिची नोकरी होती, आणि तिथे तिच्याकडे दगडाचे प्याले होते. साधा दगड नाही, जेड. मुघल त्याला यशब म्हणत. पहिल्यांदा तिनं फोनवर फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, हे तर दुधीच्या आतल्या गरासारखं दिसतंय. ती इतकी हसली की पुढे तिच्या नवऱ्यालाही तिनं तेच सांगितलं. नवरा म्हणजे आलोक, डब्लिनच्याच सँट्री भागात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, स्वभावानं मऊ.

त्या प्याल्यांची गोष्ट तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितली की मला आता झोपेतही सांगता येईल. दगड सापडायचा पार तिकडे हिमालयापलीकडे, खोतानच्या नद्यांत. तो हिंदुस्थानात यायचा, आणि आपले कारागीर मुघलांसाठी त्याचे प्याले घडवायचे. खाली बैठक फुलाची, कान कळीचा, आणि अंग इतकं पातळ की पलीकडून बोटाची सावली दिसावी. मग असे काही प्याले यारकंदच्या वाटेनं चीनच्या बादशहाकडे पोचले. चिएनलुंग त्याचं नाव. त्याच्या दरबारात जेडचं काम करणारे काय थोडे होते? पण हा माणूस ह्या हिंदुस्थानी प्याल्यांवर असा काही भाळला की त्यानं आपल्या कारागिरांना सांगितलं, असे करून दाखवा. त्यांनी केले. फूल केलं, पान केलं, कळीचा कान केला. पण अंग बरेचदा जाडच राहायचं. अश्लेषाचं म्हणणं, त्यांना कला कमी नव्हती, भीती जास्त होती. बादशहाचा दगड हातात असताना आणखी एकदा घासायचं धाडस कोण करणार? तिच्या म्युझियममधल्या एका प्याल्यावर हिंदुस्थान अशी चिठ्ठी होती आणि ही सांगत होती की नाही, हा हात पेकिंगचा आहे, आमचं बघून केलेला आहे. हेच तिचं काम होतं. भांडं हातात घ्यायचं आणि हात कुणाचा ते सांगायचं.

आणि हो, बादशहा त्या प्याल्यांवर कविता करायचा. करायचा ते करायचा, वर त्या प्याल्यावरच कोरून घ्यायचा. अश्लेषा ह्यांना म्हणायची, बाबा, तो तुमचाच भाऊ, भांडं दिसलं की त्यावर लिहिल्याशिवाय चैन नाही. ह्यांना त्यात चिडवण्यासारखं काही दिसेना. हे म्हणाले, बरोबरच आहे त्याचं, एवढं महागाचं भांडं बिनानावाचं कोण ठेवतं? मग ह्यांनी विचारलं की अक्षरं कशानं घालायचे. ती म्हणाली, हिऱ्याच्या टोकानं, हलकेच खरवडून, किती दिवस लागतील ते लागू देत. जेडला घाव घालायचा नसतो बाबा, ते फक्त झिजवायचं असतं. हे सगळं ह्यांनी ऐकलं होतं. माझ्यासमोर ऐकलं होतं.

तिनं स्वतः एक प्याला करायला घेतला होता, घराच्या मागच्या शेडमध्ये. कुणी विकत घ्यावा म्हणून नाही. हाताला कळल्याशिवाय डोळ्याला कळत नाही म्हणायची. लहानसं फिरतं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी, आणि ही आपली डोळ्याला चष्मा लावून दगड घासते आहे. सुट्टीच्या दिवशी आलोक तिला तिथेच चहा नेऊन द्यायचा. बाहेरून प्याला तयार झाला, फुलाची बैठक झाली, कान झाला, आतून कोरायचं अर्धं राहिलं होतं, तेव्हा तिच्या पोटात गाठ निघाली.

आम्ही मे महिन्यात गेलो. औषधांनी काय केलं असेल तर तिच्या बोटांतलं वारं नेलं. दुखत नाहीत ग आई, म्हणायची, नाहीतच. बटण लावता येईना, पोळीचा तुकडा पकडता येईना. गरम कप धरून बसली आणि हात भाजला तरी तिला कळलं नाही. मग ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी औषधंच थांबवली. आलोकनं पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, डोक्याकडून वर होणारा, आणि रोज सकाळी ग्रॉन्या नावाची नर्स यायला लागली. गुणी बाई, पण तिचं सगळं ग्रँड, म्हणजे छान. रात्र कशी गेली, ग्रँड. पाऊस कोसळतोय, ग्रँड. मला मेलीचा इतका राग यायचा, आणि ती अश्लेषाचे केस विंचरायला लागली की राग कुठल्या कुठे जायचा.

एका सकाळी अश्लेषानं ह्यांना शेडमधून प्याला आणायला सांगितला. मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पुरा करा. मला ह्यातनं एकदा पाणी प्यायचंय."

म्युझियममधला एकही प्याला तिला ओठाला लावता आला नव्हता. हातमोजे घालून धरायचे, गादीवर ठेवायचे, कपाटात बंद करायचे. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे कायम खुपायचं. आजवर तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्या दिवशी बोलली. तिला आणखी काही नको होतं. देवळात नेऊ का विचारलं, भारतात जायचं का विचारलं, नाही म्हणाली. एवढंच हवं, आणि वेळेत हवं.

मला धडकीच भरली. म्हटलं, अगं, ह्यांनी जन्मभर पितळ आणि स्टील हाताळलं, हा दगड ह्यांच्या हातून फुटला तर? हे माझ्याकडे बघेचनात. दुसऱ्या दिवशी शेडमधलं ते चाक आलोकनं घरात आणलं, पुढच्या खोलीतच, तिच्या पलंगाशेजारी टेबलावर बसवलं, खाली प्लास्टिक आणि जुने टॉवेल. त्या खोलीचं गालिच्यासकट वाटोळं झालं.

आणि मग सुरू झालं. हे घासायचे, ती सांगायची. आतून आधी, मग काठ, बाजू बदला, पाणी कमी झालं. तिच्या बोटांना जाडी कळत नव्हती, म्हणून हे प्याला खिडकीच्या उजेडात धरायचे, आत पाणी घालायचे आणि पाठीमागे बोट लावायचे. बोटाची सावली दिसते का ते ती पलंगावरून बघायची. सुरुवातीला काहीच दिसेना. आमचे हे तसे घाबरट, जरा घासलं की थांबायचे. ती म्हणायची, बाबा, अजून पेकिंगमध्येच आहात.

तोच मग त्या दोघांचा खेळ झाला. जाड म्हणजे पेकिंग, पातळ म्हणजे दिल्ली. आठवड्याभरानं तिनं ह्यांना चीनच्या भिंतीच्या बाहेर काढलं. मग वाळवंट लागलं, ते संपता संपेना. हे जेवताना मध्येच हात धुऊन उठायचे आणि विचारायचे, कुठे पोचलो? ती डोळे मिटून सांगायची, खोतान. ज्या दिवशी यारकंद आलं त्या दिवशी ह्यांनी मला शिरा करायला लावला. तिनं चमच्याच्या टोकावर घेतला तेवढाच. हसायची खरी, पण एक एक मुक्काम मागे पडत होता तशी तीही चादरीत लहान लहान होत होती. मला ते दिसत होतं आणि त्या दोघांना जणू प्याल्याशिवाय काही दिसतच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायचे, कारण त्या देशात घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या.

गणपतीत तिथल्या मराठी मंडळाची माणसं भेटून गेली. मागे एकदा आम्ही गेलो होतो तेव्हा मंडळाच्या जेवणाला सगळ्यांचे डबे एकमेकांत मिसळले होते आणि ह्यांनी बसून सगळ्यांच्या डब्यांवर नावं घालून दिली होती. तेव्हापासून हे तिथले नाववाले काका. मशीन तर हे बॅगेत कपड्यांच्या आधी भरतात. एअरपोर्टवर दरवेळी उघडून दाखवावं लागतं, तरी भरतात.

नवरात्र बसलं तेव्हा काबूल आलं होतं. अश्लेषानं सांगून टाकलं की पाणी दसऱ्याला. ह्यांनीही मान डोलावली. अष्टमीला हे शेवटचं घासत होते, आता चाक नाही, लाकडाच्या तुकड्यावर कातडं आणि बारीक पूड. उजेडात धरला तेव्हा मी पाठीमागून बघितलं, ह्यांच्या बोटाची सावली तर दिसलीच, नखाची कडही दिसली. अश्लेषानं डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाली की लाहोर तरी नक्की आहे, पुढचं पाणी प्यायल्यावर सांगेन.

खंडेनवमीचा दिवस फार वाईट गेला. तिला एवढा त्रास झाला की ग्रॉन्या दोनदा आली, आणि जाताना दाराशी आलोकला सांगून गेली की आता थोडेच दिवस. त्या दिवशी ती ग्रँड म्हणाली नाही. पूजा राहूनच गेली. म्हणून दसऱ्याला सकाळी आम्ही दोन्ही एकदमच करायचं ठरवलं.

डायनिंग टेबलावर मी पाट मांडला. त्यावर तिचं चाक, कातड्याचा लाकडी तुकडा, आलोकचा लॅपटॉप आणि ह्यांचं मशीन. झेंडू मिळाले नाहीत, आलोकनं दुकानातून पिवळी डेझी आणली तीच वाहिली. मध्ये प्याला, पुसून ठेवलेला. आणि दसऱ्याच्या पहिल्या नावासाठी मी आठवणीनं एक स्टीलची नवी कोरी वाटी प्रेसमधून काढून प्याल्याच्या शेजारी ठेवली होती. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडात बसलं आहे. हळदीकुंकू वाहिलं, दिवा ओवाळला. पुढच्या खोलीत आलोक अश्लेषाला उशा लावून उठवून बसवत होता. मी गॅसकडे वळले, तिच्यासाठी भाताची पेज मंद आचेवर होती ती ढवळायला.

मागे मशीन सुरू झालं. टर्रर्र. मी वळलेही नाही. दर दसऱ्याला ऐकलेला आवाज तो, मला उलट बरं वाटलं. थोडा चालला आणि एकदम थांबला. पेजेत मीठ घालावं का न घालावं ह्या विचारात मी होते. मशीन पुन्हा सुरू होईना म्हणून वळून बघितलं.

वाटी जिथल्या तिथे होती. ह्यांच्या एका हातात प्याला, एका हातात मशीन, आणि चेहरा पांढरा फटक. प्याल्याच्या अंगावर अ चा वरचा अर्धा गोल, टिंबा टिंबांचा, स्वच्छ वळणदार, आणि जिथे तो दुसऱ्या गोलाकडे वळतो तिथे तिळाएवढं भोक. भोकातून पलीकडचा दिवा दिसत होता.

मी काय काय बोलले ते मला इथे सांगायचं नाही. आवाज चढवता येत नव्हता, भिंतीपलीकडे ती होती, म्हणून दात आवळून बोलले, आणि तसं बोललेलं जास्त लागतं. तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला, घाव घालायचा नसतो म्हणून? वाटी ठेवली होती ना समोर? एवढी एक गोष्ट मागितली होती तिनं. हे ऐकून घेत होते. मशीन खाली ठेवलं, प्याला खाली ठेवला, धोतराला हात पुसावेत तसे पँटला पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव नसलेलं भांडं परत येत नाही ग."

तेच वाक्य मी दुकानात शेकडो गिऱ्हाइकांसमोर ऐकलं होतं आणि दरवेळी त्याला नाक मुरडलं होतं. मी खुर्ची ओढून दिली, हे बसले.

आलोक आत आला, ती विचारतेय म्हणाला. मग त्यानं प्याला बघितला. भोकावरून बोट फिरवलं बिचाऱ्यानं. मग हळूच म्हणाला, चिकटवता येईल, ड्रॉवरमध्ये ग्लू आहे, उद्यापर्यंत वाळेल. उद्यापर्यंत कोण थांबणार होतं? आणि माझ्या पोरीला मी ग्लू लावलेल्या प्याल्यातून पाणी पाजू? हे उठायला लागले, म्हणे मीच जाऊन सांगतो तिला. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. म्हटलं, कुणी काही सांगायचं नाही. मग नळाखाली प्याला धरला, भोकावर अंगठा दाबला आणि पाणी भरलं. एक थेंब गळला नाही.

पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. तिकडे ऊन आलं की लोक चेहरा वर करून बघतात, तशी तीही खिडकीकडे बघत होती. मी प्याला दोन्ही हातांत असा धरला की माझा अंगठा माझ्याच बाजूला राहील. हे दारात आलोकच्या मागे उभे राहिले, आत यायची हिंमत होईना. मी तिला म्हटलं, दसऱ्याच्या शुभेच्छा ग बाळा, हे घे. तिचे हात वर आले, प्याल्याच्या खालून लागले, पण त्या बोटांना काही धरता येणार नव्हतं, नुसते लागले. मी काठ तिच्या ओठांना टेकवला.

ती एक घोट प्याली. थांबली. आणखी एक प्याली, आणि तो घशाखाली उतरताना मला दिसला. दोन दिवसांत तिनं चमचाभर पाणीही नीट घेतलं नव्हतं. मग तिनं मान जरा मागे घेतली आणि प्याल्याकडे बघितलं. ऊन आरपार येत होतं. इतके दिवस तिनं त्या उजेडात बोटाची सावली बघितली होती, आणि माझा अंगठा तिथे पाण्यापलीकडे चपटा होऊन दाबलेला तिला दिसणारच होता. मी मूर्खासारखी प्याला फिरवायला गेले.

"आई," ती म्हणाली, "बोट काढू नकोस. सांडेल."

मी तशीच राहिले. तिला मशीनचा आवाज आला होता. भिंती पुठ्ठ्याच्या, मीच म्हणत होते ना? परदेशी जाईपर्यंत दर दसऱ्याला तिनं तो आवाज ऐकला होता, आणि कधी थांबावा आणि आज कधी थांबला हे तिच्याइतकं कुणाला कळणार.

तिनं बाबांना हाक मारली. हे आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, हात जोडल्यासारखे धरून. तिनं विचारलं की अक्षर आलं का. ह्यांनी मान हलवली, अर्धं, म्हणाले. तिला बोलायला फार वेळ लागायचा तेव्हा. आम्ही थांबलो.

"बाबा, पेकिंगचा असता तर फुटला नसता," ती म्हणाली. "पोचलात तुम्ही. दिल्ली आली."

ह्यांनी तिच्या पायांवर, चादरीवरूनच, डोकं टेकवलं. बापानं लेकीच्या पायांवर डोकं ठेवू नये, मी अडवायला हवं होतं, पण माझा हात मोकळा नव्हता. राहिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. आलोकनं तिच्या ओठांच्या कडा पुसल्या. मी तो प्याला तसाच धरून बसले, ती झोपली तरी बसले, कारण पाणी कुठे ओतायचं हे मला सुचत नव्हतं. शेवटी आलोकनं खिडकीतल्या तुळशीची कुंडी पुढे केली आणि मी अंगठा काढला.

कोजागिरीच्या आत ती गेली. ग्रॉन्या माझ्या गळ्यात पडून माझ्याहून जास्त रडली.

म्युझियममधली तिच्या वरची बाई भेटायला आली होती, सभ्य बाई, डोळे सुजलेले. तिनं प्याला बघितला, खिडकीशी धरला, आणि आलोकला हळूच विचारलं की त्यांच्याकडे ठेवायला द्याल का. भोक असं बुजवता येईल म्हणाली की कुणाला शोधूनही सापडणार नाही. आलोकनं माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. हे मराठीतच तिला म्हणाले, बुजवायचं नाही. तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं प्याला ह्यांच्या हातात परत दिला. आलोक म्हणाला, बाबा, तुम्हीच न्या. तो एकटा त्या घरात राहिला आहे अजून, रविवारी फोन करतो, पाच मिनिटं बोलतो आणि मग आम्ही तिघंही नुसते फोन धरून बसतो.

प्याला माझ्या पर्समधून आला, मऊ पंच्यात गुंडाळून. घरी पोचल्यावर ह्यांनी बूटही काढले नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेले, तिच्या नावाच्या भांड्यांच्या फळीवर थोडी जागा केली आणि प्याला तिथे ठेवला. अर्धा अ समोर येईल असा. मग मला म्हणाले, बघ, आला परत. आणि तिथेच जमिनीवर बसून हा माणूस असा ओरडून रडला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

ह्या दसऱ्याला ह्यांनी मशीन काढलं नाही, मीही आठवण केली नाही. फळी पुसायची म्हणून मी प्याला तेवढा खाली घेतला. रिकामाच होता. तरी माझा अंगठा आपला आपण त्या भोकावर गेला, आणि किती वेळ मला तो काढता आला नाही.